चकलीच्या कोडमधला ठिपका

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको: मी हुशार आहे! गेल्या वर्षीपर्यंत मी हे म्हणत नव्हते. तेव्हा वर्गात हात वर करायच्या आधी मी आजूबाजूला बघून घ्यायचे, अजून कुणी करतंय का. पण अकरावीत कॉम्प्युटर सायन्स घेतलं, रसिकामावशीने शेजारी बसवून कोड लिहायला शिकवलं, आणि मला शोध लागला की मी जे लिहिते ते चालतं. दिवे लागतात, मोटार फिरते! तेव्हापासून माझा हात वरच असतो. कधीकधी बाईंनी प्रश्न विचारायच्या आधीच.

रसिकामावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. गुरुग्रामच्याच एका काचेच्या टॉवरमध्ये ती नोकरी करते, आणि तिचं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासणं. दिवसभर लोकांच्या चुका बघायच्या आणि संध्याकाळी हसत घरी यायचं! मला हे अजून जमत नाही. माझ्या धाकट्या भावाची एक चूक बघितली तरी माझं डोकं फिरतं. मावशीच्या पडद्यावर नेहमी दोन फाइली शेजारी शेजारी उघडलेल्या असतात. डावीकडे कालची, उजवीकडे आजची, आणि जिथे बदल झालाय ती ओळ लाल. ती त्या लाल ओळींकडे अशी बघते जशी आपली आजी तांदळाकडे बघते. खडा दिसला की बोट थांबतं. ओरडत नाही. नुसतं विचारते, "इथे काय करायचं होतं तुला?" आणि समोरच्याला आपोआप घाम फुटतो.

तर अशा मावशीची भाची असल्यावर मी काही साधंसुधं करणं शक्यच नव्हतं. मी चकलीचं यंत्र केलं!

म्हणजे यंत्र पद्माकरकाकांनी केलं, मी त्याला अक्कल दिली. पद्माकरकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि मानेसरला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. त्यांच्या घरी चपलासुद्धा रांगेत, नाकं दाराकडे. त्यांनी घरातली सगळ्यात मोठी परात पालथी घालून मोटारीवर बसवली, वर एक लांब हात लावला, हाताच्या टोकाला पिठाचं नळकांडं. परात गोल फिरते, हात हळूहळू मधून बाहेर सरकतो, पीठ पडत जातं आणि चकली तयार. किती वेढे घालायचे, कधी थांबायचं, हे सगळं माझ्या कोडमध्ये. साडेतीन वेढे. हा आकडा कौशल्याकाकूंनी ठरवला होता.

कौशल्याकाकू म्हणजे आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळाच्या फराळखात्याच्या सर्वेसर्वा. दिवाळी मेळ्यात दरवर्षी आमचा स्टॉल असतो, आणि दरवर्षी दिल्लीचे लोक येऊन विचारतात, "ये जलेबी मीठी है ना?" काकू दरवर्षी तितक्याच शांतपणे सांगतात की ही जलेबी नाही. यंत्राला त्यांचा सरळ नकार होता. चकली ही हाताने पाडायची गोष्ट, म्हणे, आणि मुलींनी मंडळात रांगोळी काढावी, ती शिवांगी छान काढते. शिवांगी म्हणजे मीच, आणि मी रांगोळी अजिबात छान काढत नाही! माझा मोर नेहमी बदकासारखा होतो. शेवटी मावशी मीटिंगला आली आणि म्हणाली, "काकू, एक वर्ष तिला करू द्या. माझ्या शब्दावर. फसलं तर मी आहे." मंडळात मावशीच्या शब्दाला वजन आहे. काकूंनी दोन अटी घातल्या. अर्धवट चकली त्यांना चालणार नाही, आणि यंत्र फसलं तर ते माळ्यावर आणि मी कायमची रांगोळीला.

अर्धवट चकली नको ना? मग मी कोडमध्ये लिहिलं की थांबवायचं बटण दाबलं तरी हातातली चकली पुरी झाल्याशिवाय थांबायचं नाही. बघा, किती विचार करते मी! हे वाक्य लक्षात ठेवा.

मेळ्याच्या दिवशी दुपारी काकांनी मला फाइल पाठवली. सोबत निरोप, "बेटा, तुझा कोड जरा नीट केलाय. काम तेच आहे." मी ती उघडली आणि जुनीच्या शेजारी ठेवली. माझं स्वतःचं एक टूल आहे फाइली जुळवून बघायचं. मावशीचं ऑफिसातलं बघून तसंच मी घरी बनवलंय, नाव ठेवलंय 'फरक'. तर 'फरक'मध्ये दोन्ही फाइली टाकल्या आणि सगळा पडदा लाल! वरपासून खालपर्यंत! जणू कुणी टोमॅटोची प्युरी सांडली होती!

काकांनी प्रत्येक ओळीतलं बरोबरचं चिन्ह एकाखाली एक आणलं होतं. मधे मधे रिकाम्या जागा घालून सगळी बरोबरची चिन्हं अशी रांगेत, की कारखान्याच्या गेटवर हजेरीला उभी आहेत. ओळींच्या शेवटचे स्वल्पविराम सरळ केले होते. यंत्राला त्याने शष्प फरक पडत नाही. पण 'फरक' बिचारं प्रामाणिक. ओळ बदलली ना? मग लाल. एवढ्या लालमध्ये खरा बदल शोधायचा कसा?

इथे माझी प्रतिभा जागी झाली. मी 'फरक'ला एक नवीन बटण लावलं. नाव ठेवलं, 'किरकोळ लपवा'. ओळीतली अक्षरं आणि आकडे तेच असतील आणि फक्त रिकाम्या जागा, स्वल्पविराम, टिंबं असलं बारीकसारीक इकडेतिकडे झालं असेल, तर ती ओळ दाखवूच नको. बटण दाबलं, आणि पडदा पांढराशुभ्र! एकही लाल ओळ नाही! काका म्हणाले तसंच, काम तेच होतं. मी खुर्चीतच एक गिरकी घेतली. मावशीच्या ऑफिसात एवढी मोठी माणसं दिवसभर लाल पडद्याकडे डोळे फोडत बसतात, आणि मी जेवण गार व्हायच्या आत प्रश्न मिटवला. मी मावशीला मेसेज टाकला, की संध्याकाळी तुला तुमच्या धंद्यातली क्रांती दाखवते. तिने उत्तर दिलं, "नक्की दाखव. आधी एक चकली करून बघ." मी म्हटलं, पांढरा पडदा असताना बघायचं काय!

संध्याकाळी मेळा अगदी भरात आला होता. मंडपाच्या एका टोकाला स्टेज, तिथे सोसायटीचे प्रेसिडेंट अंकल पार्किंगवर भाषण देत होते. आमच्या उजव्या हाताला जलेबीवाले भैया, त्यांची सपाट कढई परातीपेक्षा रुंद. आम्ही यंत्र टेबलावर मांडलं, काकूंनी भाजणीचं पीठ नळकांड्यात ठासलं, मी नवीन फाइल चढवली आणि समोर जमलेल्या लोकांना हिंदीत एक छोटंसं भाषण ठोकलं, ज्यात 'ऑटोमैटिक' हा शब्द जरा जास्तच वेळा आला. मग बटण दाबलं.

परात फिरली. पहिला वेढा, अहाहा! काटे कसे टोकदार! दुसरा, तिसरा. लोकांनी मोबाइल काढले. चौथा. पाचवा.

"शिवांगी," काकू म्हणाल्या, "साडेतीन ना गं?"

मी हसत हसत थांबवायचं बटण दाबलं. यंत्राने ऐकलं. चकली पुरी झाली की थांबते, असं त्याने मनात म्हटलं असणार. आणि फिरत राहिलं. मी पुन्हा दाबलं. ते पुन्हा फिरत राहिलं! माझ्याच हाताने शिकवलेलं ना ते, अर्धवट काम करायचं नाही म्हणून! चकली आधी बशीएवढी झाली, मग ताटाएवढी, आणि काकूंचा चेहरा तेवढ्याच वेगाने लहान लहान होत गेला. एका बाईंनी मुलाला उचलून खांद्यावर घेतलं, त्याला नीट दिसावं म्हणून.

काकांना तेव्हा एकच उपाय दिसला. त्यांनी टेबलाखाली वाकून प्लग उपटला. वेगळाच प्लग होता तो. आमचं यंत्र मजेत फिरत राहिलं आणि स्टेजवरचा माइक गेला. प्रेसिडेंट अंकलचा आवाज "व्हिजिटर पार्किंग" वर तुटला, आणि मंडपात टाळ्या पडल्या! मनापासून! मागच्या रांगेतून शिटीसुद्धा आली. अंकलनी वायर कुठून कुठे जाते ते नजरेने शोधलं आणि सरळ आमच्याकडे चालत आले. त्याच क्षणी चकली परातीच्या काठाला टेकली, यंत्राने समाधानाने "टिंग" केलं आणि थांबलं.

अंकल परातीकडे बघत राहिले. "ये क्या है?"

पद्माकरकाका मूळचे पुण्याचे. कारखान्यात साहेबांसमोरही खोटं बोलत नाहीत. पण हातात माइकचा प्लग होता.

"जी, ये आपके लिए है," काका म्हणाले. "स्पेशल."

अंकलचा चेहरा असा खुलला, की त्यांना भाषणाचा विसरच पडला. त्यांच्यासाठी केलेली एवढी मोठी जलेबी त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. काकूंनी तोंड उघडलं, मी त्यांचा पदर ओढला. आता ती तळणं आलं! आमच्या कढईत तिचा पाव भागही मावला नसता. जलेबीवाले भैया सगळं बघत होतेच. ते म्हणाले, "लाओ जी, हमारी में आएगी." मग खालच्या कागदासकट ती चकली आम्ही चौघांनी उचलली, सोफा हलवतात तशी, डावीकडे घ्या, जरा खाली, सांभाळून, कोपरा लागेल. माझी भाजणी आणि जलेबीच्या तुपात, असं काकू पुटपुटत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

अंकल, त्यांचं कुटुंब आणि निम्मा मेळा त्या चकलीबरोबर फोटो काढत होता तेव्हा काकूंनी पिशवीतून आपला पितळी सोऱ्या काढला. तो त्यांनी आणलेलाच होता. टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी दुसरं पीठ भिजवते. मळून होईपर्यंत तुझं यंत्र शहाणं झालं तर ठीक. नाहीतर सोऱ्या आहे, आणि रांगोळी आहे." आणि वर म्हणाल्या, "आणि रसिकाला काय सांगायचं ते तूच सांग."

ते सांगायची गरज पडली नाही. मावशी ऑफिसची बॅग खांद्याला लावून मागेच उभी होती. हातात चकलीचा एक तुकडा होता. खात होती.

मला वाटलं आता रडू येणार. मी तिला घाईघाईने लॅपटॉप दाखवला, जुनी फाइल, नवी फाइल, पांढरा पडदा. बघ ना, काहीच बदललेलं नाही, मग यंत्र बिघडलं कसं? काका म्हणाले, मोटार चांगली आहे, मी स्वतः तपासली. मी म्हटलं, कोड चांगला आहे, मी स्वतः तपासला. काकांना वाटलं मी त्यांच्या मोटारीला दोष देतेय, मला वाटलं ते माझ्या कोडला देतायत, आणि दोघं एकमेकांशी फार आदराने भांडायला लागलो. काकू पीठ मळता मळता म्हणाल्या की नजर लागली असेल.

मावशी उलट्या क्रेटवर बसली. लॅपटॉप मांडीवर घेतला. इतका वेळ तिने एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नव्हतं. हे मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण मी तिच्या जागी असते तर चार वेळा म्हटलं असतं.

"हे बटण नवीन आहे," ती म्हणाली. "काय करतं?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज हळू झाला, का ते मलाच कळेना.

"छान कल्पना आहे," मावशी म्हणाली. आणि तिला खरंच तसं वाटत होतं! ती म्हणाली की त्यांच्या ऑफिसातही हीच तक्रार आहे, रिकाम्या जागांनी पडदा लाल होतो आणि माणसं बघायचंच सोडून देतात. "फक्त एक सांग. रिकामी जागा आणि टिंब तू एकाच पिशवीत का टाकलंस?"

"दोन्ही बारीकच आहेत ना."

"तुला बारीक दिसतात. यंत्राला?"

मी बटण परत दाबलं. पडदा पुन्हा लालभडक. काकूंचं पीठ आता गोळा व्हायला लागलं होतं, त्यांच्या बांगड्यांचा आवाज बदलला होता. ओळ ओळ वाचायला वेळच नव्हता. मी वाचायला सुरुवात केली, तर मावशीने माझा हात धरला. चूक नंतर शोधू, म्हणाली, आधी चष्मा नीट करू.

आणि मग आम्ही दोघींनी 'फरक' दुरुस्त केलं, जलेबीच्या धुरात, क्रेटवर बसून! ती सांगत होती, टाइप मी करत होते. एक, रिकाम्या जागा लपवायच्या नाहीत, पण फिक्या करायच्या. आहेत हे दिसावं, ओरडू नयेत. दोन, एका अक्षरासाठी सगळी ओळ लाल करायची नाही. ओळीत शिरायचं, दोन्हीकडची अक्षरं एकेक करून जुळवायची आणि नेमकं जे बदललं तेवढ्यालाच रंग द्यायचा. तिसरं तिने सांगितलं तेव्हा मला टाळी द्यावीशी वाटली. बदल जितका छोटा, रंग तितका भडक! मोठा बदल तर कुणालाही दिसतो, ती म्हणाली, मदत लागते ती छोट्याला. आणि जिथून काही गेलंय तिथे नुसतं रिकामं सोडायचं नाही, एक उभी पिवळी रेघ मारायची. नसलेली गोष्ट डोळ्याला दिसत नाही म्हणून. मी विचारलं, हे सगळं तुमच्या ऑफिसात आहे का? ती म्हणाली, थोडं आहे, थोडं आता सुचतंय. मला असं म्हणता यायला हवं एकदा तरी! आता सुचतंय!

मी फाइली पुन्हा टाकल्या. सगळा पडदा मंद राखाडी झाला, काकांच्या रिकाम्या जागा धुक्यासारख्या. आणि मधोमध, एका ओळीत, डावीकडे ३.५ मधला ठिपका काजव्यासारखा चमकत होता. उजवीकडे ३ आणि ५ च्या मधे एक पिवळी रेघ. ठिपका नव्हता.

पस्तीस वेढे.

काका पडद्याजवळ आले. चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्यांनी आमच्याकडे न बघता काकूंकडे बघितलं. झालं असं होतं, की दुपारी काकूंनी त्यांना फोन करून सांगितलं, साडेतीन नको, साडेचार करा. काकांनी केले. मग काकूंच्या नागपूरच्या बहिणीने फोनवर ठणकावलं की साडेतीनच बरोबर. काकूंनी काकांना परत फोन केला, काकांनी परत साडेतीन केले. घाईत ठिपका खाली पडला. त्यानंतर त्यांनी सगळी बरोबरची चिन्हं एका रेषेत आणली, आणि रेषेच्या आनंदात आकडा बघितलाच नाही.

"म्हणजे मीच?" काकू म्हणाल्या. त्यांचे हात पिठात थांबले होते.

"नाही हो," मावशी म्हणाली. "तुम्ही आकडा सांगितला, यांनी टाइप केला, हिने लपवला. मी भाचीला एकच मेसेज टाकून गप्प बसले. चौघांनी मिळून केलीय ही चकली. एवढी मोठी एकट्याने होत नाही."

काकू हसल्या. मी त्यांना अशा पोट धरून हसताना पहिल्यांदाच बघितलं. मग पुन्हा मळायला लागल्या, पण उगीचच, पीठ केव्हाच झालं होतं. आम्हाला वेळ देत होत्या त्या!

मी ठिपका घातला. 'फरक'मध्ये बघितलं, ठिपका चमकला. मावशीने तपासलं आणि ऑफिसात लिहितात तसं खाली एक शब्द लिहिला, 'मंजूर'. या वेळी मी भाषण दिलं नाही. बटण दाबलं. पहिला वेढा, दुसरा, तिसरा, अर्धा. टिंग! परातीच्या मधोमध तळहातावर मावेल अशी एक चकली, काटेरी, गोल, शेपटी व्यवस्थित चिकटलेली. काकूंनी ती उचलली, उजेडात धरली, फिरवून बघितली. मग सोऱ्या उचलला आणि पिशवीत परत ठेवला.

मी मावशीला मिठी मारली. ती म्हणाली, आता दाखव तुझी क्रांती. मी म्हटलं, दाखवली ना. ती म्हणाली, नाही, ऑफिसात येऊन दाखव, आमच्या टीमला, सोमवारी शाळेनंतर. खरंच म्हणाली! बदल जितका छोटा, रंग तितका भडक, हे तिचंच होतं. पण ती म्हणाली की पहिलं बटण तुझं होतं, चुकीचं का होईना, त्याशिवाय आपण इथे आलोच नसतो. काय बाई आहे!

तर यंत्र सुटलं. पोरीने अब्रू राखली. एकसारख्या साडेतीन वेढ्यांच्या चकल्यांची रास लागली, काकूंनी त्या नीट तळल्या, ताटात रचल्या, आणि आम्ही सगळे स्टॉलमागे ऐटीत उभे राहिलो.

पहिल्या बाई आल्या. ताटाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"भैया, वो बड़ी वाली जलेबी?"

काका म्हणाले, खतम हो गई. बाई निघून गेल्या. त्यांच्यामागचं कुटुंबही निघून गेलं. मग शाळेच्या मुलांचा एक घोळका आला, त्यांनाही बड़ी वालीच हवी होती. प्रेसिडेंट अंकलनी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, त्यामुळे बाजूच्या टॉवरमधून माणसं लिफ्टने खाली उतरून येत होती आणि आमच्या साडेतीन वेढ्यांकडे ढुंकूनही न बघता परत जात होती. जलेबीवाले भैया कढई रिकामी ठेवून आमच्याकडे आशेने बघत होते.

कौशल्याकाकूंनी ताटातली सगळ्यात वरची चकली उगीचच सरळ केली. मग पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या आणि मावशीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

"शिवू, बाळा, तो ठिपका परत काढता येतो का गं?"

येतो. मी काढला. 'फरक'मध्ये ती पिवळी रेघ इतकी झगझगीत उमटली, की काकूंनी ती चष्म्याशिवाय वाचली. मावशीने माझ्या खांद्यावरून बघितलं, चकलीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि लिहिलं, 'मंजूर'.

बदल म्हणाल तर अगदी किरकोळ होता.